मलमाच्या ट्यूबा

मोखाडा, ११ मार्च

दिपेश,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. तुझ्या मेडिकल स्टोअरच्या पत्त्यावर पाठवतेय. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर सपनाच्या हाती लागेल आणि तुझ्यापर्यंत पोचेलच याची मला खात्री नाही. पोस्टातल्या बाई विचारत होत्या, "कमू, हल्ली कोण पत्र लिहितं गं?" मी म्हटलं, "ज्यांचे भाऊ वयानं वाढतात आणि अकलेनं वाढत नाहीत, ते लिहितात."

भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. बाबांच्या बाराव्याला मी तुझ्या बायकोला जे बोलले ते बोलले. बाबांच्या तोंडात कॅन्सर होता, साथीचा रोग नव्हता. त्यांचा पेला वेगळा, ताटली वेगळी, नातवंडांनी खाटेजवळ फिरकायचं नाही, हे सपनाचं वागणं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तू त्याच दुपारी बॅग उचलून कल्याणला गेलास आणि बहिणीचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस. ठीक आहे. माझं तोंड काही फार बघण्यासारखं नाही.

विषय आईच्या पायाचा आहे.

नडगीवरचा तो जुना भाजल्याचा डाग आपण कळायला लागल्यापासून बघतोय. लहानपणी वावर गावात, तिच्या माहेरी, शेतात राब भाजत होते, पालापाचोळा आणि शेण पेटवून जमीन भाजतात तिथेच ही खेळत होती. राख वरून विझलेली दिसली, आत निखारे होते, आणि हिचा पाय त्यात गेला. त्या डागाची कातडी अधूनमधून फुटायची, पुन्हा धरायची. या वेळी दिवाळीत फुटली ती अजून धरत नाही. कडा जाड आणि कडक झाल्यात, मधे खड्डा पडलाय, नुसतं फडकं लागलं तरी रक्त येतं. वास येतो. मी जवळ बसून जेवते आणि काही बोलत नाही, पण येतो.

आणि तू काय करतोस? बाबा गेल्यापासून चार वर्षं, दर महिन्याला माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आईच्या नावानं पार्सल. आत मलमाच्या ट्यूबा. चिठ्ठी नाही, "कशी आहेस" नाही, काही नाही. पंचायत समितीतला शिपाई लाडक्या ते माझ्या टेबलावर आणून ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमचा मलम आला." मी ते घेऊन संध्याकाळच्या जीपनं पाड्यावर जाते. आई ट्यूब उघडते, वास घेते, मग लावते. थोडंथोडकं नाही, भाकरीला लोणी लावावं तसं. शेजारीपाजारी कुणी आलं की दाखवते, "माज्या पोऱ्यानं धाडलाय. त्यो दवाखान्यातच असतं."

तू दवाखान्यात नसतोस, दुकानाच्या काउंटरवर असतोस, एवढंच मी तिला म्हणाले. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तिला जव्हारला दाखवायचंय. मी सांगून थकले. तू मंगळूकाकांच्या फोनवर फोन कर आणि तिला सांग की डॉक्टरकडे जा. एवढं एकच काम कर.

कमू


मोखाडा, ३० मार्च

दिपेश,

धन्य आहेस. मी लिहिलं की जखम वाढलीय, आणि तू दुप्पट ट्यूबा पाठवल्यास. डोकं आपटावं तर कुठे आपटावं? ऑफिसातलं टेबलही सरकारी आहे.

फोन तू केला नाहीस, म्हणून शेवटी मीच तिला नेलं. मामाच्या भावेशच्या जीपनं. रविवारी तो मुंबईच्या पाहुण्यांना शिरपामाळ दाखवत फिरत होता, त्यामुळे मला मधल्या वारी रजा टाकावी लागली. आईला सांगितलं की जव्हारला तुझ्या आधार कार्डाचं काम आहे. ती खोटं लगेच पकडते हे तुला माहीत आहे, पण कागदाचं काम म्हटलं की तिचा नाइलाज होतो.

दवाखान्याच्या दारात तिला कळलं. जीपमधून उतरेना. "मना नाय जायाचा. मलम हाय ना माज्याकडं." भावेशनं इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आत्ये, आता गाडी हलाची नाय. तुजा काय तो तू बग." मग उतरली, पण मला शिव्या देत उतरली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पट्टी सोडली आणि आधी विचारलं, "हा भाजल्याचा डाग किती जुना?" आई म्हणाली, "माजा लगीन झाला नव्हता तवाचा." बाईंनी जखमेच्या कडा बोटानं दाबून बघितल्या, मग जांघेत हात लावून गाठी आहेत का ते बघितलं. तेवढ्यात आईनं कमरेला खोचलेली तुझी ट्यूब काढून त्यांच्या पुढे धरली. "ह्यो माज्या पोऱ्यानं धाडलाय. ह्याच्यानं बरा होतं." बाईंनी ट्यूब वाचली, परत दिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मलमाचं काम नाही हे. नाशिकला न्या, कडेचा तुकडा काढून तपासायला हवा."

काय असेल, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुकडा बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण उशीर करू नका.

परत येताना आई पूर्ण रस्ता ट्यूब मुठीत धरून बसली होती. मी तिला म्हटलं, पोरगा एवढा आवडतो तर त्याला बोलाव ना. म्हणाली, "त्याला कामा असतात."

दिपेश, कामं मलाही असतात.

कमू


मोखाडा, २२ एप्रिल

दिपेश,

नाशिकला नेऊन पायाचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. नाव लिहिते, कारण तू औषधांच्या दुकानात असतोस आणि तुला कळेल: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

नाव ओळखीचं वाटलं का? वाटायलाच हवं. बाबांच्या फायलीवर हेच तीन शब्द होते. मी जुनी फाईल काढून शेजारी ठेवून बघितली. शब्दन् शब्द तोच.

आणि मग आपल्या घरात जे व्हायचं ते झालं. मंगळूकाकांनी दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा लावला आणि म्हणाले, "कमू, ह्यो पांड्याचाच रिपोट हाय, तुज्या बापाचा. त्यांनी जुना कागद चिकटवून दिला." मी म्हटलं, काका, वर आईचं नाव आहे, तारीख या महिन्याची आहे. म्हणाले, "नाव काय, कोणी पन लिवतं. तुजी आय तंबाखू खाती काय? मिशरी तरी लावती काय? मंग तिला ह्यो रोग कसा होल?" पाड्यावरच्या सगळ्यांचं हेच म्हणणं. शाळेच्या भिंतीवर तंबाखू आणि सडलेल्या तोंडाचं चित्र लावलंय ना, ते बघून बघून सगळ्यांना ठाम माहीत झालंय की कॅन्सर म्हणजे तोंड आणि तोंड म्हणजे तंबाखू. पायाला कॅन्सर होतो हे कुणी चित्रात काढलेलं नाही, म्हणून तो होत नाही.

आईचं म्हणणं त्याहून निराळं. सगळे गेल्यावर म्हणाली, "कागद खरा हाय. ह्यो तुज्या बापाचाच रोग हाय. मी त्याचे फडके धुतले, त्याच्या तोंडाची लाळ पुसली, तेच माज्या पायात उतरला. फुटका होता ना माजा पाय." मी म्हटलं, आई, असं लागत नाही गं. ती म्हणाली, "सपना खरी होती. तिनं पोरांना लांब ठेवला ता बराच केला."

मी उठून बाहेर गेले. अंगणात उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते सांगत नाही, तू समजून घे.

आता ऐक. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अजून हाडापर्यंत गेलेला नाही. जखम आणि भोवतालची चांगली कातडी काढून टाकायची आणि मांडीची कातडी तिथे लावायची. पाय वाचेल. पावसाळा जाऊ दिला आणि हाडात शिरला तर गुडघ्याखालून पाय कापावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेलच असंही नाही. भाजल्याच्या जुन्या डागातून उठणारा हा प्रकार जरा जास्त आडदांड असतो म्हणे.

ती नाही म्हणतेय. तू ये आणि तिला सांग. तुझं ती ऐकेल. माझं कशाला ऐकेल? मी मुलगी आहे, रोज समोर दिसणारी.

कमू


मोखाडा, ९ मे

दिपेश,

तू फोन केलास! मला नाही, काकांना. आणि काय सांगितलंस? "रिपोर्ट पुन्हा करा, कल्याणला करा, कधीकधी चूक होते." काका तेव्हापासून छाती पुढे काढून फिरतायत. "दिपेश पन तेच बोलला." म्हणजे मी महिनाभर जे रचलं ते तू फोनवर एका मिनिटात पाडलंस. घरी यायला तुला वेळ नाही, पण घोळ घालायला आहे.

मी पुन्हा नाशिकला गेले. आईला आणि काकांना दोघांनाही घेऊन, त्र्यंबकवरून जाणाऱ्या सकाळच्या एसटीनं. डॉक्टरांना म्हटलं, साहेब, माझ्या घरच्यांना वाटतंय की तुम्ही मेलेल्या माणसाचा कागद जिवंत माणसाला दिलात, आता तुम्हीच बोला. ते हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि बोलले. ते तुझ्यासाठीही लिहिते, कारण दुकानात गोळ्यांच्या पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

आपल्या अंगावर आणि अंगाच्या आतही बऱ्याच ठिकाणी चपट्या पेशींचे थर असतात, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. कातडीवर असतात, ओठात, तोंडात, घशात, अन्ननलिकेत, बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी. फुप्फुसांच्या नळ्यांत मुळात नसतात, पण बिडीच्या धुरानं तिथलं अस्तरही तसं होत जातं. या चपट्या पेशी बिघडून वाढायला लागल्या की त्याला हे एकच नाव. जागा कुठलीही असो. नाव तेच म्हणून रोग एकाचा दुसऱ्याला लागला असं नाही, आणि कारणही तेच असं नाही. बाबांच्या तोंडात तंबाखू-चुना. कुणाच्या कातडीला वर्षानुवर्षांचं ऊन. आईच्या पायाला राबाचा जुना भाजलेला डाग, सारखा फुटत आणि सांधत राहिलेला. गर्भपिशवीच्या तोंडाशी बहुतेक वेळा एक विषाणू. तो विषाणू मात्र लागतो, आणि त्याच्यावर मुलींसाठी लस आहे. सपनाला सांग, पेले वेगळे ठेवण्यापेक्षा पोरीला ती लस देऊन आण.

काका खाली मान घालून ऐकत होते. आई डॉक्टरांना म्हणाली, "म्हंजे घराच्या भिती भायरून नि आतून एकाच शेणानं सारवतात, तसा. चीर कुठं पन पडंल." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच, आजी." आई म्हणाली, "मंग त्याचा मना नाय लागला." "नाही लागला." "नि माजा पोरांना नाय लागनार?" "नाही लागणार."

तिनं पदरानं तोंड पुसलं. एवढे दिवस तिच्या डोक्यात हेच होतं, दिपेश. तू यावंस असं तिला वाटत होतं आणि तू येऊ नयेस असंही वाटत होतं, कारण तुझ्या पोरांना होईल. मला हे कळायला नाशिक गाठावं लागलं. तुला कळायला काय गाठावं लागेल कुणास ठाऊक.

मग वाटलं, आता सुटलो. कसलं काय! बसमध्ये बसल्याबसल्या म्हणाली, "आवणी झाल्यावर करू." मी म्हटलं, भात लावायला चिखलात उभी राहशील आणि तोवर तो हाडात शिरेल, मग एका पायावर लाव रोपं. ती म्हणाली, "तू लय वंगाळ बोलतं." मी म्हटलं, हो, बोलते.

परवा राब भाजला. मी ऑफिसात असताना ही तिथे गेली, लंगडत, नको म्हटलेलं असताना. फांद्या ओढताना जखमेवर लागलं आणि रक्त थांबेना. काकांनी धोतर फाडून बांधलं आणि खांद्यावर घेऊन घरी आणलं. मी पोचले तेव्हा काका ओसरीवर बसून रडत होते. "कमू, मी कागदाला खोटा म्हनलो. आता तू बोलशील तसा." त्यानंतर आईनंही हो म्हटलं. "पाय ऱ्हायला पायजे. पायाशिवाय मी काय करू?" एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दाखल करतो आहोत. आणखी एक सांगते. तुझं या महिन्याचं पार्सल आलंय. मी ते आईला दिलं नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलंय. ती रोज संध्याकाळी विचारते, "पारसल नाय आला?" मी म्हणते, नाही आलं. वाईट वाटून घ्यायचं असेल तर घे. मला त्या ट्यूबांचा तिटकारा आलाय.

कमू


नाशिक, २१ मे

दिपेश,

ऑपरेशन काल झालं. पाय शाबूत आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

जखम भोवतालच्या कातडीसकट काढली. मांडीची कातडी तिथे लावलीय, ती धरते की नाही हे पट्टी उघडल्यावर कळेल. जांघेतली एक गाठ तपासायला पाठवलीय, तिचा रिपोर्ट यायचाय. तेव्हा सगळं संपलं असं समजून निवांत होऊ नकोस. पण पाय आहे. मी चादर वर करून दोन्ही बघितले.

आता आदल्या दिवशीचं सांगते. त्याचसाठी हे पत्र आहे.

दुपारी डॉक्टर वॉर्डात आले. उद्या काय करणार, कुठून कुठवर कापणार, हे त्यांनी पेनानं पायावर रेघ काढून दाखवलं. आई शहाण्यासारखी मान हलवत होती. मला बरं वाटलं, इतक्या महिन्यांनी ही एकदाची काही न बोलता ऐकतेय. डॉक्टर जायला निघाले तशी म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा ना आजी."

"आख्खी नका काढू. थोडी राहू द्या."

डॉक्टरांना कळलं नाही. "काय थोडी राहू द्या?"

"जखम. येवढीशी." आणि तिनं करंगळीचं टोक दाखवलं.

डॉक्टर तिच्या खाटेवर बसले. म्हणाले, "आजी, एवढीशीसुद्धा ठेवली तर पुन्हा वाढेल. सगळीच काढावी लागते." ती "बरा" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ते गेल्यावर माझा तोल सुटला. अख्खा वॉर्ड बघत होता, पण मला भान नव्हतं. मी म्हटलं, तुला अक्कल आहे का? जव्हार केलं, नाशिक केलं, काकांशी भांडले, पाड्याशी भांडले, रजा संपल्या, साहेबाची बोलणी खाल्ली, आणि तू म्हणतेस थोडी राहू द्या? कॅन्सर आहे तो, कोंबडीचं पिल्लू नाही एखादं पाळायला! कशाला हवीय ती जखम तुला?

ती वळलीच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "तू कशाला कावतं? जखम भरली त दिपेशा मलम कशाला धाडील?"

मी खाटेच्या कडेला बसले आणि रडले, तुझ्यावर संतापून रडले, तिच्यावरही. मग सगळा हिशेब लागला. ती भाकरीला लोणी लावावं तसं मलम का लावायची, ट्यूब लवकर का संपवायची, ते. रिकाम्या ट्यूबा ती टाकत नाही, धुऊन टोपलीत ठेवते, मला वाटायचं ही वेडी आहे. चार वर्षांत तुझ्याकडून तिला तेवढंच येत होतं, म्हणून तिला ते बंद व्हायला नको होतं. पाय गेला तरी चालेल असं ती म्हणाली नाही. पण तिनं विचार केला होता, हे मला तिच्या पाठीकडे बघून कळलं.

संध्याकाळी मी लाडक्याला फोन करून ड्रॉवरचं कुलूप उघडायला लावलं. काकांना काल भावेशच्या जीपनं यायचं होतं, त्यांच्याबरोबर ते पार्सल इथे आलंय. ती शुद्धीवर आल्यावर मी तिच्या हातात दिलं. तिनं ते उशाशी ठेवलं. उघडलं नाही.

मी आता तुझ्यावर चिडत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. चिडले आहे. आणि तरीही सांगते. डॉक्टरांनी जखम थोडीसुद्धा ठेवलेली नाही. आता तुला पार्सल पाठवायला काही कारण उरलं नाही आणि तिला वाट बघायलाही काही उरलं नाही. दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड आहे, खिडकीशेजारची खाट. अजून आठवडाभर तरी आम्ही इथेच आहोत.

मलम आणू नकोस, फळं आणू नकोस, काही आणू नकोस. हात हलवत ये.

कमू